आधी मैदान, मग विश्वचषक

पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात ३० जानेवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला. फिलिपिन्स विरुद्ध चिनी तैपेई. जिंकणारा संघ उपांत्य फेरीत जाणार होता आणि २०२३ च्या विश्वचषकातही थेट पोहोचणार होता. जादा वेळ संपली तरी १-१ अशी बरोबरी सुटेना, म्हणून पेनल्टी घेतल्या गेल्या. फिलिपिन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने समोरचे फटके अडवले, वर स्वतः पुढे येऊन एक पेनल्टी गोलात घातली. शेवटचा फटका सरिना बोल्डनचा होता. फिलिपिन्स ४-३ ने जिंकलं. त्या देशाचा पुरुषांचा संघही तोवर कधी विश्वचषकाला पोहोचला नव्हता. पुढे दीड वर्षाने, २५ जुलै २०२३ ला, वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडविरुद्ध याच बोल्डनने हेडरवर गोल केला. फिलिपिन्सचा विश्वचषकातला तो पहिला गोल आणि पहिला विजय.

पेनल्टींचा तो सामना जिथे झाला ते बालेवाडी नगरपासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपासून, सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरवर आहे. सुपा, शिरूर, रांजणगाव, वाघोली हा रस्ता नगरकरांना पाठ असतो. दवाखान्यासाठी, प्रवेशासाठी, नोकरीसाठी आपण तो सतत तुडवत असतो. आशियातल्या १२ उत्तम संघांच्या स्पर्धेतले सामने त्या रस्त्याच्या टोकाशी खेळले गेले. आपल्या जिल्ह्यात फुटबॉल खेळणाऱ्या ज्या मुलींशी नंतर माझं बोलणं झालं, त्यांतल्या अनेकींना याची खबरच नव्हती. दोष त्यांचा नाही. त्यांना हे सांगणारं मराठीत फारसं काही नव्हतं. पुढची पानं लिहिण्याचं पहिलं कारण ते आहे.

दुसरं कारण जरा खोलातलं आहे. महिला फुटबॉलच्या जागतिक स्पर्धांचा इतिहास वाचायला घेतला की आधी चषक, अंतिम सामने, गोल करणाऱ्यांची नावं समोर येतात. ती सगळी या पुस्तकात आहेत. पण वाचता वाचता माझ्या एक गोष्ट पक्की ध्यानात आली: या खेळात बायकांची लढाई सर्वांत आधी मैदानासाठी झाली. कोण जिंकलं हा प्रश्न पुढचा. खेळायला जागा कुणी दिली, कुणी काढून घेतली आणि कुणी परत मिळवली, हे कळलं की कुठला देश आज कुठे आहे ते आपोआप उलगडतं.

इंग्लंडपासून सुरुवात करू. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या 'डिक, केर' कारखान्यातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या आणि बघता बघता त्यांचा संघ देशभर गाजला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. गोळा होणारा पैसा धर्मादाय कामाला जायचा. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ठरावाची मेख इथे आहे. बायकांनी खेळू नये असा कायदा कुणी केला नाही, त्याची गरजही पडली नाही. मैदान काढून घेतलं की प्रेक्षक जातात, पैसा जातो, वर्तमानपत्रातली जागा जाते आणि दहा-पंधरा वर्षांत लोकांना वाटू लागतं की बायका कधी खेळतच नव्हत्या. ही बंदी जवळपास ५० वर्षं टिकली.

इतर देशांनीही तोच कित्ता गिरवला. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ ते १९७० महिलांना दार बंद ठेवलं. ब्राझीलने तर १९४१ मध्ये सरकारी हुकूमच काढला आणि तो १९७९ पर्यंत चालवला. पेले तीन विश्वचषक जिंकला तो सगळा काळ त्याच्या देशातल्या मुलींना फुटबॉल खेळणं बेकायदेशीर होतं. त्याच ब्राझीलमध्ये २०२७ चा महिला विश्वचषक व्हायचा आहे. दक्षिण अमेरिकेतला हा पहिलाच.

अधिकृत संघटना दार उघडत नव्हत्या तेव्हा खेळाडूंनी त्यांची वाट पाहिली नाही. १९७० मध्ये इटलीत आणि १९७१ मध्ये मेक्सिकोत फिफाच्या परवानगीविना जागतिक स्पर्धा झाल्या. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० ने हरवलं. तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसन या १५ वर्षांच्या मुलीचे. प्रेक्षक लाखाच्या पुढे होते असं सांगतात. इतकी गर्दी जमूनही ही स्पर्धा पुढे कित्येक वर्षं कुणाच्या गावी नव्हती. अधिकृत नोंदवहीत नाव नसलं की एवढा मोठा सामनाही लोकांच्या आठवणीतून निघून जातो, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून त्या स्पर्धेला मी स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

फिफाच्या व्यासपीठावर हा विषय खणखणीतपणे मांडला नॉर्वेच्या एलेन विले यांनी, १९८६ च्या मेक्सिको अधिवेशनात. त्यानंतर १९८८ ला चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात चाचणी स्पर्धा झाली आणि १९९१ मध्ये चीनमध्येच पहिला अधिकृत विश्वचषक. संघ १२, सामना ९० ऐवजी ८० मिनिटांचा. बायकांना नव्वद मिनिटं झेपणार नाहीत, अशी भीती तेव्हाही शिल्लक होती. शिवाय 'विश्वचषक' हे नाव द्यायलाही फिफाने हात आखडता घेतला होता. स्पर्धा फसली तर नाव खराब होऊ नये ही काळजी. स्पर्धा फसली नाही. अंतिम सामन्यात मिशेल एकर्सच्या दोन गोलांवर अमेरिकेने नॉर्वेला २-१ ने हरवलं.

अमेरिका का जिंकली? पुरुषांच्या फुटबॉलमध्ये हा देश कुठेच नव्हता. उत्तर १९७२ च्या एका कायद्यात आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं 'टायटल नाइन' या तरतुदीने ठरवलं. कायद्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता, पण शाळा-कॉलेजांचे खेळ त्यात आले. मैदान, प्रशिक्षक, शिष्यवृत्ती मुलींनाही द्यावी लागली. त्या मैदानांवर वाढलेल्या मुली १९९१ ला जिंकल्या, १९९९ ला जिंकल्या. १९९९ चा अंतिम सामना कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षकांसमोर झाला आणि चीनविरुद्धची शेवटची पेनल्टी ब्रँडी चॅस्टेनने मारली. बालेवाडीत फिलिपिन्सला जिंकून देणारी बोल्डनही कॅलिफोर्नियातच वाढलेली. त्या संघातल्या अनेक जणी अमेरिकेत स्थायिक झालेल्या फिलिपिनो कुटुंबांतल्या होत्या. म्हणजे पुण्यात मारलेल्या त्या पेनल्टीमागेही अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांची मैदानं होती.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय महिला फुटबॉलची गोष्ट उशिरा सुरू झाली हा समज चुकीचा आहे. १९७५ मध्ये महिलांची स्वतंत्र राष्ट्रीय फुटबॉल संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८० मध्ये आशियाई स्पर्धा आपल्याच कालिकतला भरली आणि भारत उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. त्या पिढीतल्या शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. गोव्याच्या योलांडा डिसोझा याच काळात भारताकडून खेळल्या. आशियात दुसऱ्या क्रमांकावर असलेला हा देश १९९१ च्या विश्वचषकात मात्र नव्हता आणि २०२३ पर्यंतच्या नऊही विश्वचषकांत तो नाही. ज्या काळात चीन, जपान, कोरिया यांनी शाळा आणि क्लबांत मुलींसाठी नियमित सामने उभे केले, त्या काळात आपल्याकडे वर्षाकाठी एक राष्ट्रीय स्पर्धा आणि तिच्यासाठी एखादं शिबिर, एवढंच चाललं होतं. महिलांची देशव्यापी लीग सुरू व्हायला २०१७ उजाडलं.

या पार्श्वभूमीवर २०२२ सालाकडे पाहायला हवं. त्या एका वर्षात महाराष्ट्राने दोन मोठ्या स्पर्धा भरवल्या. जानेवारी-फेब्रुवारीतला आशियाई चषक मुंबईच्या अंधेरी संकुलात, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आणि बालेवाडीत झाला. भारताचा पहिला सामना २० जानेवारीला इराणशी. इराणच्या मुली या चषकात पहिल्यांदाच आल्या होत्या. सामना ०-० असा सुटला. तीन दिवसांनी चिनी तैपेईशी सामना होता, पण भारतीय चमूत कोरोना शिरला. नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू उभ्या करायच्या होत्या, तेवढ्या निरोगी उरल्या नाहीत. संघ स्पर्धेतून बाहेर गेला, इराणविरुद्धचा निकालही रद्द धरला गेला. घरच्या आशियाई चषकात यजमानांच्या नावावर एकही सामना लागला नाही. त्या मुलींनी या स्पर्धेसाठी कित्येक महिने घरदार सोडून सराव केला होता. त्यांच्या वाट्याला आलेलं हे दुःख मला आजही फार मोठं वाटतं आणि त्याबद्दल महाराष्ट्रात पुरेसं बोललं गेलं नाही असंही वाटतं.

स्पर्धा मात्र रंगली. अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर १८ गोल चढवले, त्यांतले पाच सॅम करचे. नऊ दिवसांनी हाच ऑस्ट्रेलिया बालेवाडीत जी सो-युनच्या एका लांबून मारलेल्या फटक्यावर कोरियाकडून हरला. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात कोरिया मध्यंतराला २-० ने पुढे होता. चीनने उत्तरार्धात दोन्ही गोल फेडले आणि भरपाईच्या वेळेत शियाव युयीने तिसरा मारला. चीनचा हा नववा आशियाई चषक. नवी मुंबईत नेरुळला झालेला हा अंतिम सामना ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी मिळेल तिथे शोधून पाहावा. उत्तरार्धात चीनने खेळ कसा फिरवला ते कुठल्याही प्रशिक्षकाने मुलींना दाखवावं असं आहे.

ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. फिफाने ऑगस्टमध्ये भारतीय महासंघाला निलंबित केलं होतं, त्यामुळे स्पर्धा हातची जाते की काय अशी वेळ आली होती. निलंबन ११ दिवसांत उठलं. भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. संघाची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव, आणि संघात पुण्याची काजोल डिसोझाही होती. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरुळला झाला, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. त्या कोलंबियाच्या संघात लिंडा कायसेदो होती. नऊ महिन्यांनी तिने सिडनीत, मोठ्यांच्या विश्वचषकात, जर्मनीविरुद्ध असा गोल केला की जगभर त्याची चर्चा झाली. स्पेननेही त्याच सिडनीत २० ऑगस्ट २०२३ ला इंग्लंडला हरवून मोठ्यांचा चषक उचलला.

०-८ हा आकडा आपल्या वर्तमानपत्रांत ठळक छापून आला. त्यामागचा दुसरा हिशेब कुणी छापला नाही. समोरच्या अमेरिकन मुली सात-आठ वर्षांच्या असल्यापासून दर आठवड्याला सामने खेळत आलेल्या होत्या. आपल्या बहुतेक जणींचा स्पर्धेतला खेळ शिबिरात निवड झाल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू झाला. यजमानपद मिळालं म्हणून संघाला थेट प्रवेश मिळतो. आधी न खेळलेले सामने काही त्यामुळे भरून निघत नाहीत.

आशियाई चषकाच्या भारतीय संघात मणिपूर, तमिळनाडू, हरियाणा, झारखंड, ओडिशा, पंजाब इथल्या मुली होत्या. तिन्ही मैदानं महाराष्ट्राची आणि २३ जणींत महाराष्ट्राची एकही नाही. आपल्या राज्यात फुटबॉल नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. रोव्हर्स चषक मुंबईत १८९१ पासून खेळला गेला. कोल्हापुरात तालीम मंडळांचे सामने शाहू स्टेडियमवर भरतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात, आणि तिथला एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ राष्ट्रीय लीग खेळून आला आहे. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये फिफाचा पुरस्कार मिळाला. बेघरांच्या विश्वचषकाला भारताच्या मुली गेल्या त्या याच संस्थेच्या प्रयत्नांतून. हा विश्वचषक वेगळा आहे, लहान मैदानावर चार-चार जणांचा खेळ, पण त्यातून परत आलेल्या मुलींना घरी आणि वस्तीत जो मान मिळतो तो खराच असतो. त्याचंही प्रकरण पुढे आहे.

आणि अहिल्यानगर जिल्हा? क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणेचं कुटुंब संगमनेर तालुक्यातलं, त्यामुळे इथल्या घराघरांत क्रिकेट आहे. कुस्ती आणि कबड्डी तर मातीतच आहे. लष्कराच्या वास्तव्यामुळे भिंगारकडे आणि शहरात फुटबॉल जुना आहे. मुलींचा फुटबॉल मात्र शाळेच्या वेळापत्रकावर आणि क्रीडाशिक्षकाच्या जिद्दीवर उभा असतो. जून-जुलैत शाळा उघडल्या उघडल्या सुब्रतो चषकाच्या फेऱ्या लागतात. मुलींच्या १७ वर्षांखालील गटाचा समावेश त्यात २०१२ मध्ये झाला. नंतर शासकीय शालेय स्पर्धा. दोन्ही बाद पद्धतीच्या. सकाळी हरलं की त्या स्पर्धेपुरता खेळ आटोपला. मुलींचे संघ मुळातच कमी, त्यामुळे वॉकओव्हर मिळून न खेळता पुढे गेलेला संघही पुढच्याच फेरीत घरी येतो. अशा मुलीच्या वर्षभराच्या नावावर तास-दोन तासांचा खेळ जमा होतो. तिच्या तुलनेत स्पेनमधल्या तिच्या वयाच्या मुलीकडे क्लबच्या लीगचा अख्खा हंगाम असतो.

सरावाचं तर विचारूच नका. गावाकडच्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. ती योजना अहिल्याबाईंच्या नावाने आहे आणि तिने हजारो मुलींना शाळेत टिकवलं. पण शाळा सुटल्यावर सरावाला थांबायचं तर शेवटची गाडी चुकते, आणि अंधार पडल्यावर मुलगी फाट्यावर उभी राहिलेली कुठल्या आईला चालेल? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींची गोष्ट याहून अवघड. दसरा-दिवाळीनंतर आईबाप कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि पोर एकतर सोबत जाते, नाहीतर घर आणि धाकटी भावंडं सांभाळते. लवकर लग्न लावण्याची घाईही याच घरांत जास्त. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणं, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचं हे न कळणं, हाफ पँटवरून गल्लीत होणारी कुजबुज, या प्रत्येक कारणापायी गुणी मुली खेळ सोडतात. पीटीच्या बाई किंवा सर पदरमोड करून बूट आणतात, घरी जाऊन वडिलांची समजूत घालतात, तेव्हा कुठे अकरा जणी उभ्या राहतात. या शिक्षकांबद्दल मला नितांत आदर आहे. हे पुस्तक प्रथम त्यांच्या हाती जावं अशी माझी इच्छा आहे.

हे बदलू शकतं का, याचं उत्तर युरोपात शोधायला नको, बांगलादेशात शोधावं. मैमनसिंह जिल्ह्यात, मेघालयच्या सीमेलगत, कलसिंदूर नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलींचा संघ उभा केला, कारण सरकारने प्राथमिक शाळांतल्या मुलींसाठी देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू केली होती. मारिया मांडा, सानजिदा अख्तर, तहुरा खातून या बांगलादेशच्या खेळाडू त्याच गावच्या. २०१० पासून पाच वेळा दक्षिण आशियाई अजिंक्यपद सलग भारताने जिंकलं होतं. २०२२ आणि २०२४ मध्ये ते बांगलादेशने नेलं. २०२५ च्या जुलैत हा संघ पहिल्यांदा आशियाई चषकासाठी पात्र ठरला. कलसिंदूरची ती शाळा आपल्या अकोले किंवा पारनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेहून श्रीमंत होती असं समजायचं कारण नाही.

त्याच आठवड्यात, ५ जुलै २०२५ ला, भारतानेही थायलंडला त्यांच्याच चियांग माईत २-१ ने हरवलं. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून, जिंकून आशियाई चषक गाठण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. यजमान म्हणून मिळालेल्या २०२२ च्या जागेपेक्षा ही जागा मला कितीतरी मोलाची वाटते.

पुस्तकाची मांडणी याच विचाराने केली आहे. प्रत्येक विश्वचषकाच्या प्रकरणात आधी विजेत्या देशातल्या मुली कुठे आणि किती खेळायच्या ते येतं, मग सामने. नियम आणि मैदानावरच्या जागा समजावणारं प्रकरण मुद्दाम सोपं ठेवलं आहे, सातवी-आठवीतल्या मुलीने एकटीने वाचावं इतकं. गुडघ्याच्या दुखापतींवरचं प्रकरण प्रशिक्षकांनी टाळू नये. मुलींमध्ये या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात आणि रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या योग्य व्यायामाने त्यांतल्या बऱ्याच टळतात.

शेवटच्या प्रकरणात एक साधा हिशेब मांडला आहे, तो इथेही सांगते. जिल्ह्यातल्या आठ शाळांनी मुलींचे संघ उतरवले आणि बाद पद्धतीऐवजी एकमेकींशी दोनदा खेळायचं ठरवलं, तर प्रत्येक संघाला १४ सामने मिळतात. एकूण सामने ५६. शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर लगेच, शेवटच्या गाडीच्या आत संपतील असे. त्याला स्टेडियम लागत नाही. आठ शाळांची आहेत तीच मैदानं आठवड्यातून एक दुपार मुलींसाठी राखून ठेवावी लागतात. ज्या मुख्याध्यापकांना हे जमण्यासारखं वाटेल त्यांच्यासाठी वेळापत्रकाचा कच्चा आराखडाही तिथे दिला आहे. तो जुलैपासून सुरू होतो आणि ऊसतोडीला माणसं निघण्याआधी पुरा होतो.